मामांनी बांधलेला पट्टा

आमच्या मामेसासऱ्यांइतकं झोपेवर जीव टाकणारं माणूस अख्ख्या गोदाकाठी दुसरं सापडायचं नाही. गणिताची मास्तरकी संपवून ते इंदिरानगरात राहायला आले, आणि दुपारी त्यांची वामकुक्षी सुरू झाली की सगळ्या सोसायटीला कळू लागलं. त्र्यंबकेश्वरला आमच्या अभिषेकाला ते बसल्या जागी असे काही घोरू लागले, की गुरुजी मंत्र थांबवून मला म्हणाले, "यजमान, आधी त्यांचं होऊ द्या." वर जागे होऊन मामाच विचारणार, "कोण घोरत होतं रे?"

घोरता घोरता त्यांचा श्वास मधेच अडायचा. तो पुन्हा सुरू होईपर्यंत मामींच्या हातातली मेथी तशीच राहायची. एकदा मी हे पाहिलं आणि घाबरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मनगटावर बांधायचा एक पट्टा दिला. आठवडाभर तो बांधून झोपायचं. श्वास किती वेळा अडतो, ऑक्सिजन किती उतरतो, पुढे धोका किती, सगळं तो सांगणार होता.

मामांनी ती परीक्षाच समजली. जन्मभर दुसऱ्यांना नापास केलेला माणूस स्वतः कसा नापास होणार? आठवड्याने मामा, मामी आणि मी दवाखान्यात गेलो, तेव्हा स्वारी भलतीच ऐटीत होती. डॉक्टर मात्र आकडे पाहून गंभीर झाले. "श्वास फारच अडतोय. असंच चालू राहिलं तर जिवावर बेतेल."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "डॉक्टर," ते कसंबसं म्हणाले, "पट्टा मी बांधलाच नाही, हिला बांधला होता. ही इतकी गुमान झोपते, म्हटलं पैकीच्या पैकी पडतील."

"अहो! आणि मला म्हणालात, बीपीचा आहे!" मामी ओरडल्या.

चाळीस वर्षं मामांच्या घोरण्याखाली मामींचा अडणारा श्वास कुणाला ऐकूच आला नव्हता. दिवसा त्या पेंगायच्या, तर आम्ही सगळे त्यांना हसायचो. मला फार लाज वाटली.

मग मामांनीही पट्टा बांधला आणि यथास्थित नापास झाले. आता दोघांच्या उशाशी हवेचं एकेक यंत्र आहे. परवा दुपारी गेलो, तर मामी मास्क लावून गाढ झोपलेल्या, आणि मामा चक्क जागे, मोबाइलवर त्यांच्या श्वासाचे आकडे बघत बसलेले.

"हळू बोला, जावईबापू," ते कुजबुजले. "चाळीस वर्षं ही माझा श्वास ऐकत बसली. आता माझी पाळी."

ते घर इतकं शांत मी कधीच पाहिलं नव्हतं. खूप बरं वाटलं, आणि त्या घोरण्याची थोडी आठवणही आली.