हत्तीमाशाची टाकी

शोभेच्या माशांच्या त्या दुकानात एकाच टाकीचा दिवा बंद होता. तळाशी मऊ वाळू, वाळूवर मातीची नळी आणि नळीत बोटाएवढा आफ्रिकन हत्तीमासा. त्याची हनुवटी सोंडेसारखी पुढे आलेली असते. त्याच्या नद्या गढूळ. तिथे तो अंगातल्या सौम्य विजेने वाट ओळखतो आणि सोंडेने तळ चाचपून अळ्या शोधतो.

दुकानाच्या मालकीण शालनताईंनी आधी त्याला झगझगीत दिवा आणि रंगीत खडी दिली होती. खडीने सोंड सोलली. माशाने खाणे सोडले.

"दिवा लावा की, ताई. काहीच दिसत नाही," एक गिऱ्हाईक म्हणाले.

"तो दिसायला नाही, जगायला आलाय."

"मग विकणार कसा?"

"विकायचाच नाही. तुम्ही गोल्डफिश बघा, त्यांना मिरवायची हौस आहे."

गिऱ्हाईक हसत निघून गेले. आपल्याला दिसत नाही, त्याला आपण अंधार म्हणतो. माशाच्या लेखी तिथे अंधार नव्हताच.

थोड्या वेळाने नळीतून सोंड बाहेर आली. तिने वाळू चाचपली. ताईंनी सकाळी टाकलेली अळी माशाने गिळली; कित्येक दिवसांतली पहिली.

ताईंनी दिव्याची वायर काढली, गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.