नंबर नसलेला कार्यक्रम

सुमन गेली तेव्हा मी तलावावर होतो. पहाटे निघताना ती झोपलेली दिसली, म्हणून उठवलं नाही. जाळं टाकून होत नाही तोच शेजारचा मारोती तलावाच्या पाळीवरून हाका मारत खाली आला. "भाऊ, जाळं राहू दे. घरी चाल. वहिनी उठून नाई राह्यली." मी त्याच्यावरच खेकसलो. म्हटलं, थकली असन, उठन हळूहळू, त्यात काय एवढं ओरडायचं? तो गुडघाभर पाण्यात उतरला, माझ्या हातातलं जाळं घेतलं आणि गपचूप ओढायला लागला... तेव्हा समजलं.

तेरवीच्या दिवशी शेवटची पंगत उठत होती तर चंद्रपूरहून फोन आला. केबल चॅनेलचा साहेब. त्याचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात होईल. म्हणाला, "काका, मावशींच्या स्मरणार्थ आम्ही ॲनिमेवाल्या मुलांचा विशेष भाग करतोय. त्यांनी शिवलेले कपडे तेवढे द्या. मावशींचा टाळ्या वाजवतानाचा व्हिडिओ आहे आमच्याकडे, फारच छान आहे, तो हार घालून सुरुवातीलाच दाखवतो." मी फोन कापला आणि सोयऱ्यांच्या देखत जे बोलू नये ते बोललो. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखानं बहकला. मी बहकलो नव्हतो. मी चौथी शिकलेला ढिवर माणूस, मासे मारतो आणि दोन बांध्यांत धान करतो. गेलेल्या माणसाबद्दल पेपरच्या पुरवणीत कसं गोड लिहितात ते मला जमणार नाही. त्या टाळ्या कशाच्या होत्या एवढं सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

सुमनचं माहेर वडशाकडचं, जिथं झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या आहेत. तिचा बाप ड्रेपरीवाला, म्हणजे नाटकाला कपडे पुरवणारा. लग्न होऊन इकडे चामोर्शीकडे आली ती शिलाई मशीन घेऊनच. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रा-नाटकांचे दिवस आले की आजूबाजूच्या गावातली नाटक मंडळं तिच्याकडे येत. राजाचा अंगरखा असो की खलनायकाचा कोट, तिच्या कपड्याची पाठ उघडी असायची आणि तिथं नाडे असायचे. पुढून पाहिलं तर राजा, मागून पाहिलं तर नाडे बांधलेला आमचा सरपंच. मी एकदा हसलो तर म्हणाली, "नाटकातला कपडा एकाचा नसते. आज बारीक माणूस राजा हाय, उद्या जाडा होईन. ज्याची बारी आली त्याले तो आला पायजे." हीच तिची शिलाई आणि हाच तिचा स्वभाव.

आमची लेक आणि जावई बल्लारपूरला, दोघंही कामावर. म्हणून नात रेणू आमच्याकडे शिकायला राहिली. रेणूला त्या जपानी चित्रांच्या मालिकांचं वेड. कार्टून म्हटलं की चिडायची, "ॲनिमे म्हण ना, आबाजी!" मी म्हणायचो, चित्र ते चित्र. पण सुमन हातशिलाई करता करता तिच्या मोबाईलमध्ये डोकावू लागली आणि हळूहळू माझ्या भाजीत मीठ कमी-जास्त पडू लागलं. एकदा मी विचारलं, "अवं, काऊन रडून राह्यली?" तर म्हणते, "त्याच्या छातीत तलवार घुसली हाय, तरी आपल्या भावाची पुरी कहाणी सांगून राह्यला. आपल्या नाटकात मरणारा माणूस अख्खं गाणं म्हणूनच मरते का नाई? हे आपलेच लोक हायत." त्यातल्या निळ्या केसांच्या पोराला ती रामाच्या पार्टीतला समजायची. रेणूनं लाख समजावलं, पण ती काही ऐकली नाही. ताग निळीत बुडवून तिनं त्याच्या केसांचा टोप केला, आणि तो टोप घालून रेणू शाळेच्या स्नेहसंमेलनात गेली.

तिथून दुसरी लेकरं यायला लागली. एक मूल गावाहून, एक घोटहून, दोघी आमच्याच गावच्या. प्रत्येकाला वाटायचं, अख्ख्या जिल्ह्यात हे वेड आपल्या एकट्यालाच आहे. घरचे हिणवायचे, मास्तर हिणवायचे. दर रविवारी ही सगळी आमच्या ओसरीत जमायची आणि सुमन नाडे बांधून द्यायची. तिथंच तिच्या डोक्यात टीव्हीचं आलं. "टीव्हीवर भजनवाल्यायचा कार्यक्रम हाय, शेतीवाल्यायचा हाय, या पोट्ट्यायचा काऊन नाई? त्याईले एकमेकायचं तोंड तरी दिसन." तिच्या मनात सगळं ठरलेलं होतं. आधी नांदी, त्यात सगळ्यांनी पडद्यापुढे उभं राहायचं. मग ज्याची बारी तो आपला वेश घेऊन येईल, आपला संवाद मराठीत म्हणेल. मधे गंमत, मधे गाणं, कोणी चित्र काढलं असेल तर ते दाखवायचं. शेवटी पुन्हा सगळे. आणि नंबर नाही. पहिला नाही, दुसरा नाही. "नाटकात राजाले पहिला नंबर आन् भालदाराले शेवटचा देतेत काय?" असं विचारायची.

कपड्यांची पिशवी घेऊन ती एसटीनं चंद्रपूरला गेली. साहेब हसला म्हणे. "मावशी, तुम्ही या वयात कार्टून पाहता?" ही म्हणाली, "तुमी या वयात बातम्या पायता, मी काई म्हणलं काय?" शेवटी तो हो म्हणाला. घरी आली तर असा चेहरा, जसं मी पहिल्यांदा तिला मंडईत चुडा घेऊन दिला होता... जाऊ द्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मीही गेलो. पाहतो तर समोर तीन खुर्च्या, परीक्षकांच्या. मागे पाटी, भव्य स्पर्धा. सुमन साहेबाला म्हणाली, "नंबर नाई ठरलं होतं." तो म्हणाला, "मावशी, नंबराशिवाय लोक पाहत नाहीत." लेकरं सजून उभी होती, परत कशी न्यायची? ती लोकांत जाऊन बसली. काजल नावाची पोरगी जिवतीच्या पहाडातून बापासोबत दोन गाड्या बदलून आली होती. सावळी, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत, अंगावर सुमनचा नाड्यांचा अंगरखा. तिनं लढाईत मरणाऱ्या एका सेनापतीचा संवाद स्वतः मराठीत केला होता. ती पडद्याआडून आली तेव्हा सुमननं टाळ्या वाजवल्या. त्या ह्या टाळ्या. काजलनं तोंड उघडलं, दोन-चार वाक्यं बोलली, तोच नागपूरहून आणलेला परीक्षक म्हणाला, "थांब बेटा, मागे वळ." ती वळली. नाडे दिसले. "हे काय, ऑपरेशनचा गाऊन घालून आलीस का? आणि हे पात्र सडपातळ आहे, माहीत आहे ना?" लोक हसले. पोरगी तशीच पाठ करून उभी राहिली, पुढे वळेच ना. तेव्हा माझी बायको, जी गावच्या सभेत कधी उभी राहिली नाही, ती उठून मंचावर गेली. म्हणाली, "मेहनतीनं पाठ केलं हाय तिनं. पुरं बोलू द्या. तुमाले पाठ पायाची असन तर तुमी तिच्या मागं जाऊन बसा, आमी तिचं तोंड पायतो." दिवे बंद केले त्यांनी. चहाची वेळ झाली म्हणाले.

टीव्हीवर दाखवलं तेव्हा सुमनचं बोलणं कापलेलं. काजल वळते तिथं वरून हसण्याचा आवाज टाकलेला, आणि बक्षीस देताना सुमनच्या काजलसाठीच्या टाळ्या जोडलेल्या. जणू तिला सगळं पटलं! रेणूनं टीव्ही बंद केला. सुमन एवढंच म्हणाली, "त्या पोरीच्या बापाले फोन लाव." फोनवर ती काजलला म्हणाली, तुझं बोलणं पुरं व्हायचं हाय, तुझ्या अंगाचा नवा अंगरखा शिवतो, ये.

तेरवीनंतर तो साहेब घरीच आला, शाल-श्रीफळ घेऊन. मी खाटेवरून उठलो नाही. म्हटलं, "कपडे नेतो? ने. पण आधी ती काय बोलली ते दाखव." तो म्हणाला, "काका, ते आता आमच्याकडे नाही. टाळ्यांचंच आहे." म्हटलं, "मंग तिच्या तोंडाले हार घालू नको. तिचं तोंड तू बंद केलं. तिच्या नावानं नंबर वाटले तर मी तुझ्या दारात येऊन बसन, मले घरी काई काम नाई आता." तो म्हणाला, मावशींच्या कल्पनेला आम्ही मोठं करतोय. मी म्हटलं, "तिची कल्पना एवढुशी होती. लेकराले पुरं बोलू द्याचं. तेवढंच तुले नाई जमलं." शाल तिथंच ठेवून गेला. ती मी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली आहे, थंडीला बरी.

पुढच्या रविवारी लेकरं आली. मी नका येऊ म्हणणार होतो, पण काजल आली होती, बापासोबत. ओसरीत सगळ्यांनी उभं राहून नांदी म्हटली, मला रडू येण्यापेक्षा रागच आला, ही असायला पाहिजे होती म्हणून. रेणूनं मशीनवरचा अंगरखा काढला. लाल, सोनेरी काठाचा, काजलच्या मापाचा. उजवी बाही लावलेली, डावी बाही नाहीच, नुसत्या टाके घालायला खुणा केलेल्या. मूलचा पोट्टा म्हणाला, "काजल, तुझा हात लढाईत गेला असं कर ना." काजलनं डावा हात पाठीमागे बांधून घेतला आणि उभी राहिली. सगळा संवाद म्हणाली, मरेपर्यंत. भावाची कहाणी, आईची कहाणी, सगळं. लांबच लांब... कोणी मधे बोललं नाही. मला अर्धं समजलं नाही, पण मी हललो नाही.

आता ती लेकरं दर रविवारी येतात, आणि त्या अंगरख्यासाठी भांडतात. ज्याच्या अंगावर तो येतो त्याचा डावा हात लढाईत गेलेला असतो, हे त्यांच्यात आता पक्कं झालं आहे. आमची लेक परवा बल्लारपूरहून आली तर म्हणाली, बाबा, कापड पडलं आहे, मी बाही लावून देतो. मी तिच्या हातातली सुई घेतली. म्हटलं, हात नको लावू. हे काम तुझ्या मायनं अर्धं टाकलं हाय, ते तिच्याच नावावर राहू दे.