विहिरीपासून डोहापर्यंत

बाबांना झटका आला तो दिवाळीनंतर. हातापायावर थोडक्यात निभावलं, पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, जीभ वळत होती, समोरच्याचं सगळं समजतही होतं. शब्द तेवढे जागेवर नव्हते. उरले होते ‘हो’, ‘नाई’ आणि ‘थे’. चहा म्हणजे थे, चप्पल म्हणजे थे, टीव्हीवर भांडणारे पुढारी म्हणजेही थे. आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी, तीसुद्धा थे.

नरखेड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहत. नागपूरला माझ्या फ्लॅटवर मुक्काम करायचा म्हटला की यांना लगेच परतीची एसटी आठवायची. आता झटक्यानंतर ते माझ्याकडे येऊन महिना उलटून गेला होता आणि नेमके बागेचे ताणाचे दिवस आले होते. आमच्याकडे हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. त्यांना तहानेनं मलूल होऊ द्यायचं, पानांनी माना टाकल्या की बरोबर वेळ साधून पाणी सोडायचं, मग झाड फुलावर येतं. ताण कमी पडला तर फूल धरत नाही, जास्त झाला तर फांद्या वाळतात. ताण कधी तोडायचा, म्हणजे पाणी कधी सोडायचं, हे बाबा झाडाला हात लावून ठरवत. झाडं तिकडे आणि हे इकडे माझ्या बाल्कनीत येरझारा घालत होते. त्यांच्या चपलांच्या त्या आवाजानं माझं डोकं उठायचं.

नागपुरातच, सदर भागात एका बाईंकडे आम्ही जायचो. गेलेलं बोलणं परत शिकवायचं हे त्यांचं काम. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण संयम असा की मला त्यांचा हेवा वाटायचा. बाबांनी खिडकीकडे बोट करून ‘थे, थे’ केलं की त्यांना कळायचं, गावाबद्दल चाललंय. एकदा त्या मला म्हणाल्या, “एकटे राहणार असतील तर अडीनडीला फोनवर तुम्हाला हाक तरी मारता आली पाहिजे ना?”

झालं, मी ते वाक्य पकडून बसले. गावाला जायचं असेल तर आधी माझं नाव. ऑफिसला निघण्याआधी रोज त्यांच्यासमोर खुर्ची ओढायची आणि विचारायचं, “बाबा, मी कोण?” केस पिकलेली बाई आपल्या बापाला विचारते, मी कोण! ते माझ्याकडे बघायचे, ओठ जुळवायचे, कपाळावर घाम यायचा. मग म्हणायचे, “थे.”

बाईंनी सरावाला चित्रांची कार्डं दिली होती. पाण्याचा एक संच होता. समुद्र, धबधबा, कारंजं, पोहण्याचा तलाव. बाबांनी समुद्राचं कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि उलटून बघितलं. पलीकडचा काठ मागच्या बाजूला असेल असं त्यांना वाटलं असावं.

एका सकाळी माझा तोल गेला आणि मी कार्डं दिवाणावर भिरकावली. “मरू द्या हे सगळं. तुम्ही सांगा, सकाळी घरून बागेत निघालं का पहिले काय लागते?”

त्यांनी डोळे मिटले. खुर्चीखाली त्यांचे पाय हलायला लागले, उजवा जरा मागे पडत होता. मी घड्याळाकडे बघत होते, माझी बस जाणार होती.

“इहीर,” ते म्हणाले.

मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले आणि बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पुढे काय, ते विचारलं. हौद आला. मग दांड आला, विहिरीचं पाणी झाडांपर्यंत नेणारा तो मातीचा चर. मग आळं, झाडाच्या बुडाशी पाणी थांबतं ते. बागेच्या पलीकडे नाला, नाला जिथे वळण घेतो तिथला डोह, आणि एक दिवस अचानक झिरा. नाल्याच्या वाळूत हातानं खड्डा करून प्यायचं पाणी काढतात, तो झिरा मी स्वतः विसरून गेले होते. माझ्या पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, जलसाठा. रोज तो टाइप करून करून माझी बोटं निबर झाली आहेत.

बाई खूश झाल्या. मीही झाले, नाही असं नाही. पण आतून जळत होते. ज्या नाल्यात उन्हाळ्यात थेंब नसतो, त्याचं नाव या माणसाला आठवतं आणि पोटच्या पोरीचं आठवत नाही! शेवटी मीच त्या वाटेवर जाऊन उभी राहायचं ठरवलं.

“डोह आला ना बाबा? आता डोहाच्या काठावर कोण उभी आहे?”

त्यांनी डोळे मिटले, पाय हलवले, आणि चेहरा एकदम उजळला. “म्हैस.”

मी खो खो हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

संक्रांत झाली आणि गावाहून फोन आला. शेजारच्या वावराचे काका आमची बाग बघत होते. “ताई, पानं लयच मलूल होऊन राहिले. दादाले विचारा, सोडू का पाणी?”

बाबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. “नाई,” ते ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चाल.”

तो शब्द आमच्या सरावात कधीच नव्हता. नावाची अट मी गिळली आणि गाडी काढली.

बागेत शिरल्यावर ते माझा हात सोडून पुढे गेले. एकेका झाडाला थांबून पान चुरगाळायचे, काडी मोडून बघायचे. काका आणि मी मागे. बराच वेळ गेला, मग ते वळले आणि म्हणाले, “हो.” डाव्या हातात फावडं घेऊन ते दांडाच्या पार टोकाला गेले, शेवटच्या झाडाचं आळं आधी भरायचं ही त्यांची जुनी पद्धत. काकांनी आणि मी विहिरीवर येऊन मोटार सुरू केली. मोटार जुनी, तिची घरघर आणि हौदात आदळणारं पाणी, शेजारी उभ्या काकांचं बोलणंही मला ऐकू येत नव्हतं.

तिकडे टोकाला बाबांनी फावडं वर केलं आणि मला काहीतरी ओरडून सांगितलं. एवढ्या लांबूनही त्यांचं तोंड मोठं उघडलेलं दिसलं, दोनदा. ‘थे’ म्हणायला इतकं तोंड उघडावं लागत नाही, हे मला इतक्या दिवसांत पाठ झालं होतं.

मी लाल बटण दाबलं आणि धावले.

“काय म्हटलं बाबा? आताच काय म्हटलं?”

ते माझ्याकडे बघतच नव्हते. दांडात अर्ध्या वाटेवर मातीत जिरत चाललेल्या पाण्याकडे बघत होते. “काहून बंद केलं वं?”

अख्खं वाक्य होतं. सदरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या असत्या. मला त्याचं काहीच नव्हतं.

“मले आवाज दिला ना तुमी? काय म्हणून दिला?”

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ जुळवले, कपाळावर आठ्या आल्या.

“थे,” ते म्हणाले आणि मोटारीकडे बोट केलं.

मी परत गेले. काकांना म्हटलं, आता तुम्हीच इथे थांबा, मी सांगितल्याशिवाय बंद करू नका. हिरवं बटण दाबलं आणि दांडाच्या कडेनं धावत सुटले. पाणी माझ्या बाजूनं पुढे चाललं होतं, आणि ते टोकाला पोहोचलं की बाबा पुन्हा हाक मारतील, म्हणून त्याच्या आत मला तिथे असायचं होतं.