पिशव्या झटकायची खोली

ज्या आठवड्यात कारखान्यात पिवळा रंग चालायचा, त्या आठवड्यात दादा पिवळं खोकायचे. निळा लागला की निळं. दादा म्हणजे माझे थोरले दीर. रुमाल उघडून दाखवत म्हणायचे, "घ्या, कारखान्याची ताजी बातमी." आम्ही हसायचो. माझी थोरली जाऊ मात्र तो रुमाल त्यांच्या हातातून ओढून घ्यायची आणि मोरीत असा आपटायची, की खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याला वाटावं वर भांडण जुंपलंय.

जुंपलेलंच असायचं म्हणा, पण एकतर्फी. दादांशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं. ती म्हणायची, साहेबांना सांगा, त्या खोलीत खिडकी पाडा म्हणावं. ते म्हणायचे, सांगू की. आणि सांगायचे नाहीत.

कारखान्यात कापड रंगवायची भुकटी बनायची. ओला रंग एका उंच ड्रायरमध्ये घालायचा आणि खालून गरम हवा सोडायची, की तो उकळत्या पाण्यासारखा उसळत सुकायचा. हवा वर निघताना भुकटीला बरोबर घेऊन जाते, म्हणून ड्रायरच्या माथ्याला कापडाच्या लांबलचक पिशव्या टांगलेल्या असत. हेच त्याचे फिल्टर. हवा आरपार जायची, भुकटी कापडात अडकायची. रंग बदलला की शिडीवर चढून त्या उतरवायच्या, मागच्या खोलीत नेऊन झटकायच्या, पाइपच्या हवेनं फुंकायच्या, धुवायच्या आणि फाटलेल्या काढून नव्या चढवायच्या. हे काम कित्येक वर्षं एकट्या दादांचं होतं.

शेवटी त्यांना शिडी चढवेना. मग आमच्या घराचा जिना चढवेना. कारखान्याच्या डॉक्टरनं पाठीला नळी लावली आणि सिगारेट सोडा म्हणून सांगितलं. ज्या माणसानं जन्मात काडी पेटवली ती फक्त गॅसखाली, त्याला. जाऊबाई तिथेच उभी राहिली आणि डॉक्टरला म्हणाली, की ही सिगारेट पिवळी-निळी कुठे मिळते तेवढं सांगा, मीही एक ओढून बघते. दादांनी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. रस्ताभर तेच तिची समजूत घालत होते, धापा टाकत.

दादा घरी बसले आणि कारखान्यानं त्यांची जागा जाऊबाईला देऊ केली. आपल्या माणसांना आम्ही वाऱ्यावर सोडत नाही, असं मॅनेजर म्हणाले. मी तेव्हा तिथेच पॅकिंगला होते. मी तिला परोपरीनं सांगितलं, की त्याच खोलीत जाऊन तू काय मिळवणार. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला कुणी खाल्लं ते मला जवळून बघायचंय."

तिनं बघितलं. चारी बाजूंनी बंद खोली, वर एक दिवा, त्याच्याभोवती चालू रंगाचं धुकं. भिंतीत पंखा होता, पण त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. नाकावर बांधायला कागदी मास्क, तोही एकदा मिळाला की चोथा होईपर्यंत वापरायचा. पिशव्या इतक्या ठिकाणी शिवलेल्या, की मूळ कापड शोधावं लागे. नव्या मागायला ती स्टोअरमध्ये गेली. स्टोअरकीपरनं कपाट उघडून दाखवलं, कोऱ्या पिशव्यांची चळत होती. पण देता येणार नाही म्हणाला. त्या तपासणीसाठी होत्या. तपासणीवाले यायचे म्हटलं की नव्या चढवायच्या, त्यांची पाठ वळली की उतरवून, झटकून, घडी घालून पुन्हा कपाटात.

त्या दिवसापासून ती कारखान्यात कुणाशी नीट बोललीच नाही. बोलली की भाजायचं. पॅकिंगच्या बायकांनी तिचं नाव भट्टी ठेवलं. मॅनेजरांकडे ती सारखी जायची, आणि ते प्रत्येक वेळी शांतपणे सांगायचे, की बघू, वर कळवतो. एकदा मात्र त्यांच्या तोंडून निसटलं, "बाई, तुमच्या आधीच्या माणसानं इतक्या वर्षांत एक शब्द काढला नाही."

"तो माझा नवरा होता," ती म्हणाली. "आता काढायचा म्हटला तरी त्याला दम पुरत नाही."

लाल रंगाचा आठवडा संपला त्या सकाळी ती पिशव्या खांद्यावर टाकून मागच्या खोलीकडे वळलीच नाही. सरळ चालत आली ती पुढच्या अंगणात, ऑफिसच्या खिडक्यांसमोर. तिथे फरशी रोज धुतली जायची आणि साहेब लोकांच्या गाड्या लागायच्या. तिनं ओझं खाली टाकलं, एक पिशवी उचलली आणि काठीनं बडवायला लागली.

वारा ऑफिसच्या बाजूला होता. बघता बघता पांढरी गाडी गुलाबी झाली. खिडक्या धडाधड बंद झाल्या, पण त्याआधी आतल्यांना बरंच मिळालं होतं. शिंकांचा नुसता पाऊस. वॉचमनला वरून हुकूम झाला, की बाईला आवर. तो दादांच्या बरोबरीचा. त्याला नेमकी तेव्हाच बुटाची नाडी सुटलेली आढळली आणि ती बांधायला तो बराच वेळ खाली बसून राहिला.

मी दारात उभी होते. लांब पिशवी एकटीला नीट झटकता येत नाही. खोलीत दुसरं टोक अडकवायला खिळा होता, अंगणात खिळा कुठला? तिची ओढाताण मला बघवेना. मी गेले आणि दुसरं टोक धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाली, "घट्ट धर."

मॅनेजर बाहेर आले ते नाकातोंडावर रुमाल दाबून. भुवया लाल. रुमालाआडून ओरडले, "बंद करा हे. माणसांच्या छातीत जातंय, कळतं का तुम्हाला? विष आहे हे."

जाऊबाईनं काठी खाली घेतली. आमच्यामागे तोवर पॅकिंगच्या सगळ्या बायका येऊन उभ्या होत्या. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काय आहे म्हणालात?"

त्यांनी रुमाल आणखी घट्ट दाबला.

"सगळ्यांनी ऐकलंय. तरी पुन्हा एकदा म्हणा. घरी जाऊन ह्यांना सांगायचंय मला."

मॅनेजर आत गेले. तिनं राहिलेल्या पिशव्या एकेक करून झटकल्या, घाई न करता, आणि मी शेवटपर्यंत दुसरं टोक सोडलं नाही.

आम्हा दोघींना त्याच दिवशी घरी पाठवलं. पण पिशव्या उतरवायला दुसरं कुणी तयार होईना. फिटर नाही म्हणाला, पॅकिंगच्या बायकांनी तर भट्टीला परत बोलवा म्हणून कामच थांबवलं. ड्रायर ओल्या मालासकट बंद पडला. मग मालक स्वतः आले, खोली पाहिली, आणि आम्हाला निरोप आला.

आम्ही परत गेलो तेव्हा काम चालूच होतं. मागची भिंत फोडून मोठी खिडकी बसली. पंख्याला वायर लागली. धूळ ओढून घेणारं एक यंत्र आलं, त्याच्या तोंडाशी पिशवी धरून झटकायची. कपाटातल्या कोऱ्या पिशव्या ड्रायरला चढल्या. आठवडाभरात सगळं झालंसुद्धा.

मला वाटलं, आता तरी ही निवेल. त्या संध्याकाळी ती जिना चढून आली ती अंगाचा तिळपापड झालेली. चप्पलसुद्धा न काढता दादांसमोर उभी राहिली. "एवढंच होतं," ती म्हणाली. "अहो, एका आठवड्याचं काम होतं. एक भिंत आणि एक वायर. एवढ्यासाठी तुम्हाला..." तिनं भिंतीवर मूठ मारली. मग त्यांच्यावरच उलटली, की तुम्ही का नाही कधी बोललात, कशासाठी इतकं चांगलं राहिलात, कुणी सांगितलं होतं.

दादा खिडकीशी बसले होते. त्यांचे ओठ थरथरायला लागले, मला वाटलं रडतायत. पण त्यांनी शिवी दिली. आमच्या घरात ज्यांच्या तोंडून कुणी साधं 'मूर्ख' ऐकलं नव्हतं, त्या माणसानं मॅनेजरला आईबापासकट अशी ठसठशीत शिवी घातली, की मी कानावर हात ठेवले. ती पुरी करायला त्यांना मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. जाऊबाई पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी राहिली, आणि त्यांचं बोलून संपेपर्यंत तिनं तो पुढे केला नाही.