गोठ्यातला गाऊन

आमच्या गावात नवा पावणा आला की डेअरीच्या कट्ट्यावर त्याला दोन गोष्टी हमखास ऐकवतात. पहिली गोष्ट बाजारात म्हैस विकायला गेलेल्या माणसाची. म्हैस विकली, आनंदात हा मटण खायला बसला, तेवढ्यात ती नव्या मालकाच्या हातून दावं तोडून सरळ घरी आली. बायकोनं तिला दारात बघितलं आणि कपाळाला हात लावून विचारलं, "तू आलीस व्हय? मग बाजारात इकला ग्येला कोन, आमचा धनी?"

दुसरी गोष्ट माझी. ती लोक वाढवून सांगतात, म्हणून एकदा क्रमानं लिहून ठेवतो.

दिवाळीनंतर माझी ही गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलं. कार्य झालं, पाहुणे पांगले, मुलगी पुण्याला परतली. मी कामांची यादी केली. गॅस, लाइट बिल, दळण, तुळशीला पाणी, टाकीचा गळका कॉक. शहरात शाहूपुरीतल्या एका पंपांच्या दुकानाचं गोडाऊन माझ्याकडं आहे, तिथंही माझं असंच चालतं. सकाळी यादी वाचायची, संध्याकाळी खुणा करायच्या. थोड्या दिवसांत घर रुळावर आलं. फक्त एका कामापुढं खूण होईना, ते म्हणजे म्हशीची धार.

तिचं रेडकू पावसाळ्यातच मेलं होतं. तेव्हापासून ती हिच्याच हाताला पान्हा सोडायची. मी बसलो की दूध चोरायची आणि मान वळवून गोठ्याच्या दाराकडं बघत राहायची. शेजारच्या काकींनी एकदा बसून बघितलं. त्यांना लाथ बसली. मग त्या आठवडाभर लंगडत सगळ्या गावाला ती लाथ दाखवत फिरल्या.

मुलीनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "पप्पा, अशानं ती आटून जाईल. रविवारी व्यापाऱ्याला बोलवा आणि देऊन टाका. एकट्यानं कशाला हवाय हा व्याप?"

तिचं बरोबर होतं. असा सरळ विचार करायला तिला मीच शिकवलं होतं. पण संध्याकाळी गगनबावड्याच्या एसटीतून उतरून घरी आलो की या घरात हिची वाट बघणारं माझ्याशिवाय ती म्हैस, एवढं एकच जण होतं. तिला व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवलं असतं तर दाराकडं बघायला मी एकटाच उरलो असतो. हे मुलीला फोनवर कसं सांगणार? "रविवारपर्यंत बघतो," एवढंच म्हणालो.

काकी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या. "आरं, म्हस तुला वळखतच न्हाई," त्या म्हणाल्या. "जल्मभर सकाळची गाडी धरून गेलास, अंधारात आलास. तिच्यासाठी तू पावणाच की. बायकूचा गाऊन घालून बस."

"काकी, काहीतरीच काय!"

"मग बस रिकामी चरवी घिऊन. आनि बांगड्या बी घाल. किनकिन ऐकल्याबिगर न्हाई सोडत ती, मी सांगते तुला."

गाऊन गोठ्यातच खिळ्याला होता, हिनं अडकवला तसा. निळा, सुती, पुढं शेणाचे डाग. शनिवारी पहाटे दार लावून घेतलं आणि तो डोक्यातून घातला. काखेत टर्रकन उसवला. डोक्याला हिच्यासारखा टॉवेल गुंडाळला. बांगड्यांबद्दल लोक सांगतात की मी हातभर चुडा भरला होता. ते खोटं आहे. माझ्या हातात बांगडी चढतच नाही. चार बांगड्या सुतळीनं मनगटाला बांधल्या होत्या, बस्स.

म्हशीनं नाक पुढं केलं. बाही हुंगली, परत हुंगली. मग हळूहळू रवंथ सुरू केला. मी सडांना हात लावला, पण दूध काही येईना.

"बोल की तिच्यासंगं!" भिंतीपलीकडून आवाज आला. "तुझी बायकू बोलायची."

"काय बोलायची?"

"तुझंच गाऱ्हाणं, दुसरं काय! आज डब्यातला भात परत आणला. आज तोंडातनं चकार शब्द न्हाई, टीव्ही बघत झोपला."

इतक्या वर्षांच्या संसारात भाताबद्दल ही मला कधी काही बोलली नव्हती. डबा घ्यायची, घासायची, पालथा घालायची. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. शेवटी जे तोंडपाठ होतं ते म्हणायला लागलो. "अर्धा इंची वॉशर. पाऊण इंची कॉक. एक इंची कॉक. फूटव्हॉल्व्ह, पितळी." फूटव्हॉल्व्ह म्हणताच चरवीत पहिली धार वाजली.

चरवी भरेपर्यंत गोडाऊनमधला निम्मा माल म्हणून झाला होता. डेअरी बंद व्हायची वेळ झाली म्हणून दूध किटलीत ओतलं आणि पळत सुटलो. कट्ट्यावर पोचलो तर सगळ्यांच्या माना वळल्या. मग एकजण म्हणाला, "सरका रं, वैनींना वाट द्या."

"वैनी, मालक कामावर गेलं व्हय? आज तुमी आलासा?"

सेक्रेटरीनं मान वर न करता माप घेतलं. "फॅट झ्याक लागलंय वैनी. पेंड बदलली काय?"

तेव्हा मी खाली बघितलं. गाऊन, त्याखाली माझे केसाळ पाय, मनगटावर सुतळी. कट्टा असा हसला की रस्त्यावरची एसटी थांबली आणि ड्रायव्हर काय झालं ते बघायला उतरला. मीही हसलो. दिवाळीनंतर पहिल्यांदाच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसत हसतच घरी आलो, उंबऱ्यातून "अगं, ऐक तर" म्हणालो, आणि थांबलो. माझी अशी फजिती ऐकायला हिच्याइतकं कुणाला आवडलं नसतं. मग गोठ्यात जाऊन गाऊन खिळ्याला अडकवला आणि कामावर गेलो.

लोकांची गोष्ट त्या एसटीपाशी संपते. माझी पुढंही चालू राहिली.

व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवलं. रोज दोन वेळा गाऊन घालायचो, वॉशरपासून सुरुवात करायचो. गाऊन मात्र मुद्दाम धुतला नाही.

होळीला मुलगी आली. ती माझ्यावर गेली आहे. पहिल्याच दिवशी तिनं डबे, पडदे, चादरी सगळं धुऊन काढलं. संध्याकाळी घरी आलो तर तारेवर ओला गाऊन. काखेतली शिवणही घातलेली.

"काकींनी सांगितलं मला सगळं," ती हसत म्हणाली. "घाला की, पण धुतलेला तरी घाला! काय वास मारत होता तो!"

मी तारेपाशी जाऊन बाही नाकाला लावली. साबणाचा वास होता.

धारेची वेळ झाली होती. शर्ट-पँटवरच गोठ्यात गेलो. आज लाथ बसणार, रविवारी टेम्पो येणार, असं मनात धरूनच बसलो. म्हशीनं शर्टाची बाही हुंगली. मी वॉशर म्हणालो, कॉक म्हणालो. फूटव्हॉल्व्हपर्यंत जावंच लागलं नाही. तिनं पान्हा सोडला.

"बघा, झाली की तुमची सवय!" मुलगी दारातून म्हणाली. ती खूश होती. एवढी खटपट ज्यासाठी केली ते झालं होतं. चरवी काठापर्यंत भरली. तेवढ्या वेळात म्हशीनं एकदाही मान वळवून दाराकडं बघितलं नाही.

चार दिवसांनी मुलगी पुण्याला गेली. जाताना तिनं व्यापाऱ्याचा विषय पुन्हा काढला. मी म्हणालो, "राहू दे. दूध देते की आता." गाऊन घडी करून कपाटात ठेवला.

त्या संध्याकाळी धारेला बसलो. वॉशर म्हणायला तोंड उघडलं, पण दुसरंच बाहेर आलं.

"आज डब्यातला भात परत आणला मी," मी तिला सांगितलं.

तिनं एक कान हलवला आणि रवंथ करत राहिली.