चाकापुढचा दगड

पुंजारामचा दोन गोष्टींवर भरवसा होता. एक, ट्रकच्या काचेवरचा खंडोबाचा फोटो. दुसरा, सीटखालचा काळा दगड. फोटो मालकाने लावला होता. दगड पुंजारामने बिडकीनजवळच्या आपल्या बांधावरून आणला होता आणि फोटोपेक्षा तोच जास्त वेळा कामी यायचा. गाडी थांबली की आधी उतरून पुढच्या चाकाला दगड लावायचा, मग तंबाखू मळायची. हँडब्रेक नुसता शोभेला होता. पायाचा ब्रेक तीनदा दाबल्यावर लागायचा, आणि अलीकडे तिसऱ्यांदाही विचार करून.

कापसाच्या गाठी भरून बिडकीनहून निघायचं, शहर ओलांडायचं, कन्नडचा घाट उतरून धुळ्याला जायचं. वर्षानुवर्षांचा रस्ता. घाट मात्र आता त्याला झोपेत दिसू लागला होता. झोपेतल्या घाटाला खालचं टोक नव्हतं.

त्याने मालकाला सांगितलं. मालक काकासाहेब हे गावातले बागायतदार. तंट्याबखेड्यात पंच म्हणून बसणारे.

"काका, ब्रेकचं काम करावं लागंल. घाटात गाडी ऐकत नाय."

"बायको ऐकती का तुझी?" काकासाहेबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "ब्रेक लागत नाय असं तू म्हणतो. दुसरं कोण म्हणतं?"

"दुसरं कोण बसतंय गाडीत? किलीनर तर तुमीच काढला."

"मंग? एकट्याच्या साक्षीवर गाडी उभी करू? ऐन कापसाच्या दिवसांत?"

यात दुष्टपणा नव्हता. एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही, हा त्यांचा पंचाचा नेम होता आणि ब्रेकलाही त्यांनी तोच लावला.

घरी सरूबाईने हे ऐकलं आणि भाकरी तव्यावर जरा जोरात आपटली. "घाटात भेटंल की साक्षीदार. रेड्यावर बसून येईल."

"तू गप गं."

"मी गप बसते. तुमी ब्रेक लावून दाखवा."

एकोणीसशे सत्त्याण्णवचा तो जानेवारी होता. रस्ता सुरक्षेचा आठवडा चालू होता. दौलताबादच्या फाट्याअलीकडे, उतारावर, एका हौशी मंडळाने मांडव घातला होता. कापडी कमानीवर लिहिलं होतं : 'वाहनचालक बंधूंनो, स्वेच्छेने या. तपासणी मोफत. दंड नाही.' दंड नाही म्हटल्यावर ट्रकवाल्यांचा संशय बळावला. फुकट आणि बिनदंड असं सरकारी दिसणारं काहीच त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सकाळपासून एकेक गाडी मांडव दिसताच वेग वाढवून निघून जात होती. सुरक्षेमुळे त्या रस्त्यावर त्या दिवशी इतका वेग होता, जितका एरवी नसायचा.

पुंजारामने कमान वाचली आणि त्याला त्यात दुसरा साक्षीदार दिसला. तीनदा पाय मारून त्याने गाडी कमानीच्या थोडी अलीकडे थांबवली. स्टार्टरचा भरवसा नव्हता, म्हणून इंजिन चालू ठेवलं, गाडी न्यूट्रलला घातली आणि उतरून चाकापुढे दगड लावला.

मंडळाचे प्रमुख अनंतराव, निवृत्त इंजिनिअर, धावतच पुढे आले. दुसऱ्या सभासद शैलाताई कॉलेजात शिकवायच्या. त्यांच्या दिराची स्कूटर एका रात्री ट्रकवाल्यांनी रस्त्यात सोडलेल्या अशाच दगडावरून उडाली होती. तो पुन्हा उठला नाही. म्हणून शैलाताई मंडळात होत्या.

"या, या! स्वेच्छेने आलात ना?" अनंतरावांनी विचारलं.

"व्हय साहेब. ब्रेक लागत नाय."

अनंतरावांनी हॉर्न वाजवून घेतला. दिवे पाहिले. प्रथमोपचाराची पेटी पाहिली. तिच्यात तंबाखू होती, तरी पेटी होती. मग ते गहिवरले. "स्वतःचा दोष स्वतः सांगणारा चालक! अहो, हाच तर आमचा आदर्श."

"माझा दोष नाय साहेब, गाडीचा हाय. तेवढं मालकाला सांगता का? फोन हाय त्यांच्याकडं."

"आम्ही फक्त प्रबोधन करतो हो. तक्रार केली तर उद्या कोण येईल स्वेच्छेने?"

"आज तरी कोण आलंय?"

यावर अनंतरावांनी त्याच्या गळ्यात हार घातला. कोणीतरी काचेवर, खंडोबाच्या शेजारी, चिकटपट्टी लावली : 'सुरक्षित वाहन'. पुंजारामने ती वाचली. आता काकासाहेबांना दुसरा साक्षीदार मिळाला होता, पण उलट बाजूचा.

"साहेब, ते काढा. पाया पडतो, ते काढा!"

"केवढा हा विनय, बघा," अनंतराव मंडळाने बोलावलेल्या फोटोवाल्याला म्हणाले.

तेवढ्यात शैलाताईंना चाकापुढचा दगड दिसला. त्यांनी काही विचारलं नाही. त्या दगडाशी त्यांचं बोलणं केव्हाच संपलेलं होतं. वाकून, दोन्ही हातांनी त्यांनी तो ओढून काढला आणि कडेच्या गवतात ढकलला.

गाडी आधी नुसती सुस्कारली. मग, कोणी बोलावल्यासारखी, स्वेच्छेने निघाली.

"सरका! बाजूला सरका!" पुंजाराम हारासकट धावला. फोटोवाला उडी मारून बाजूला झाला. गाडीने कमान अंगावर घेतली, खुर्च्या मोडल्या, चहाचं पातेलं लवंडलं आणि मांडवाचा मधला खांब पाडून मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून ती थांबली. कोणाला लागलं नाही. पांढऱ्या कापडाखालून अनंतराव बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "अहो, हिला तर ब्रेकच नाहीत!"

"व्हय," पुंजाराम म्हणाला.

शैलाताई गवतातल्या दगडाकडे बघत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला होता.

पोलिसांनी गाडी जमा केली. ब्रेक केल्याशिवाय ती सुटणार नव्हती. आता साक्षीदार पुष्कळ झाले होते. काकासाहेबांनी मुकाट्याने ब्रेक करून घेतले आणि मग पुंजारामला बोलावलं.

"माझं म्हणणं खरं निघालं ना, काका?"

"निघालं. पण गाडी उभी कशी करावी हे ज्याला कळत नाय, त्याच्या हातात ती कशी देऊ? मांडवातली समदी माणसं म्हणतेत, चूक डायवरची."

गाडीवर बद्रीनाथ नावाचा नवा ड्रायव्हर आला. पुंजाराम आपलं सामान न्यायला गेला तेव्हा तो काच पुसत होता. चिकटपट्टी तशीच होती. मजकूर आता खरा झाला होता.

"ब्रेक कसे हायेत?" पुंजारामने विचारलं.

"लोण्यावाणी. पाय ठेवला की उभी."

"घाटात बघितलं?"

"कालच उतरलो. झोप यायला लागली, इतकी गुणाची गाडी."

पुंजारामने सीटखालून चादर, डबा काढला. दगड तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी तो फाट्यापर्यंत एसटीने गेला, गवतात शोधला आणि खांद्यावर घेऊन परत आला. कंडक्टरने दगडाचं तिकीट मागितलं नाही, पण तो बघून पुंजारामला बाजूला बसायला सांगितलं.

"आता हे कशाला?" सरूबाई म्हणाली. "गाडी तर गेली."

"दुसरी मिळंल."

"तिला ब्रेक असतील."

पुंजारामने दगड दाराशी ठेवला, त्यावरची माती पुसली आणि म्हणाला, "मालक तसंच म्हणंल."