वाक्रुळकरांची फिरती वही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरच्या अन्नपूर्णाबाई म्हणतात, "यायले देव भेटला, तरी हे आधी त्याच्या गावचा दाखला मागतीन." त्यात खोटं काही नाही. साखरखेर्ड्याच्या अलीकडे आमचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही मला शोधून काढाल. मी शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटल्यावर घराच्या ओसरीत गावचं टपाल बघायचो. एक लाकडी पेटी, एक वजनकाटा, एक शिक्का, एवढंच ते ऑफिस. गुरांच्या दवाखान्यात हन्नोक वाक्रुळकर नावाचे कंपाउंडर होते. त्यांचं टपाल मी अडवून ठेवलं. त्याचं पुढे काय झालं, ते सांगायला मला वीस वर्षं लागली.

वाक्रुळकर मूळचे कोकणातले, इस्राएली, म्हणजे ज्यू. त्यांच्या वाडवडिलांनी तिकडे तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन बदल्यांवर फिरत ते आमच्याकडे आले आणि इथलंच बोलू लागले. माणूस किरकोळ, पण हात असा की मारका बैलही त्यांच्यापुढे मान खाली घाली. घटसर्पाच्या साथीत बांबूच्या नळीनं औषध पाजत ते गोठ्यागोठ्यात फिरले. त्या साली माझी गाय वाचली ती त्यांच्यामुळे. हे मी विसरलो नव्हतो. फक्त संशय आला की मला बाकी काही आठवत नाही.

आणि संशयाला जागा का थोडी होती? दवाखान्याचं रजिस्टर ते शनिवारी कधीच लिहीत नसत. जनावराला औषध द्यायचे, पण नोंद रविवारी. बाजारातलं मटण खात नसत, आणि मासा आणला तर आधी खवलं बघायचे. दाराच्या चौकटीवर पत्र्याची बोटभर नळी तिरपी ठोकलेली होती. येता-जाता तिला हात लावून तो हात ओठांना लावायचे. आत देवाचं वचन लिहिलेलं आहे म्हणायचे, पण आत पाहिलं कोणी होतं?

त्यात ती वही. दर दोन-अडीच महिन्यांनी कापडात शिवलेलं जाडजूड पाकीट त्यांच्या नावानं यायचं. आत एक फुलस्केप वही असायची आणि ती सात घरांत फिरायची. पुणे, सोलापूर, इगतपुरी, भुसावळ, थेट अजमेरपर्यंत. आडगावी नोकरीला पडलेली त्यांची माणसं. ना जवळ देऊळ, ना कोणी जाणता. मग एकानं वहीत प्रश्न लिहायचा, बाकीच्यांनी खाली आपापलं मत लिहून पुढे पाठवायची. शनिवारी गाय अडली तर सोडवावी का? परक्याच्या घरी पाणी कोणत्या भांड्यातून प्यावं? भुसावळचे एक रेल्वे गार्ड आणि पुण्याचे एक आजोबा त्यात कडाकडा भांडायचे, असं वाक्रुळकर हसून सांगत. मी ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, एवढ्याशा गोष्टीसाठी कोण इतकी तिकिटं डकवतं?

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई लागली. आमच्या गावावर विमान कशाला येतंय, पण आम्हीही दिवे झाकले, काचांना कागद चिकटवले. पोलीस पाटील माणिकरावांनी चावडीवर सांगितलं, परक्या माणसावर नजर ठेवा. गावात परका माणूस असा एकच होता. पत्र्याची ती नळी म्हणजे बिनतारी यंत्र आहे, असं पोरंसोरंही बोलायला लागली.

त्याच आठवड्यात पाकीट आलं. नियमाप्रमाणे मी त्यावर आल्या तारखेचा शिक्का मारला आणि मग, नियमाविरुद्ध, एका बाजूची शिवण उसवून वही बाहेर ओढली. वरच्या दोन पानांवर चौकोनी चौकोनी अक्षरं होती, मला न वाचता येणारी. खाली मराठीत लिहिलं होतं, "दिवा सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावावा, उशीर करू नये." सगळा मुलूख दिवे झाकतोय आणि हे मिनिटं मोजून दिवे लावायला सांगताहेत! पुढची पानं मी उघडलीच नाहीत. पाकीट तसंच माणिकरावांकडे नेलं.

माणिकरावांनी वही उलटी धरून पाहिली. "ठेवून घ्या मास्तर. फौजदार येईन तवा दाखवू."

फौजदार काही आला नाही. पाकीट माझ्या ट्रंकेत पडून राहिलं.

इकडे वाक्रुळकरांची आई अंथरुणाला खिळली होती. ते रोज संध्याकाळी ओसरीत यायचे. "मास्तर, माझं पाकीट आलं काय?"

"नाही."

"आईसाठी विचारलं आहे त्यात. तिचं काही खरं दिसत नाही. आमची दफनभूमी इकडं जवळपास कुठं नाही. शेजारचे हैदरभाई म्हणते, माझ्या वावराच्या कोपऱ्यात ठेवा. पण एकट्या माणसाले परक्या जमिनीत ठेवलं तर आमच्यात चालते का, का पुण्याले न्याव? पुण्याच्या आजोबांचं मत आल्याबिगर मी कसं ठरवू?"

मी म्हणालो, "आलं की पाठवतो."

असं त्यांनी किती वेळा विचारलं, ते मी मोजलं नाही. दर वेळी नाही म्हणालो, आणि दर वेळी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, की हा माणूस आईचं निमित्त तर करत नाही ना? म्हातारी खरोखर आजारी होती, सगळ्या गावाला माहीत होतं. अन्नपूर्णाबाई तिला पेज नेऊन द्यायच्या. तरीही मी निरखून पाहिलं. लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

एका शुक्रवारी पहाटे म्हातारी गेली. वाक्रुळकरांनी तासभर वाट पाहिली, कशाची ते मला ठाऊक होतं. मग त्यांनी गावातल्या कचरूचा ट्रक ठरवला आणि आईला पांढऱ्या कापडात गुंडाळून पुण्याला निघाले. मी वाटेत उभा होतो. पाकीट ट्रंकेत होतं. आता देऊन काय उपयोग, असं म्हणून मी घरात गेलो.

चार दिवसांनी कचरू परत आला. चहाच्या हॉटेलात त्यानं सांगितलं ते मी बाहेर बाकड्यावर बसून ऐकलं. जालन्याच्या पुढे दुधनेला पूर आला होता, गाडी चार-पाच तास अडकली. पाणी उतरून पलीकडे गेले तर दिवस मावळायला आला. वाक्रुळकर म्हणाले, गाडी बाजूला घे. आमचा शब्बाथ, शनिवारचा पाळायचा दिवस, आज मावळतीलाच लागतो, आता प्रवास नाही.

"म्या म्हटलं, साहेब, मुडदा आहे गाडीत! तं म्हणते, म्हणूनच. इले घेऊन मी शब्बाथ मोडू काय? शनवारचा सारा दिवस आम्ही लिंबाखाली बसलो, मायबाप. ऊन असं का पाठ भाजून निघाली. ते हातानं माश्या हाकलत होते. लिंबाचे डगळे तोडून म्याच टाकले तिच्यावर, ते झाडाले हात लावत नव्हते. पाण्याचा घोट घेतला नाही त्यायनं. तीन चांदण्या दिसल्या, तवा म्हणाले, चाल."

मी उठलो, घरी आलो, ट्रंक उघडली. या वेळी शेवटची पानं वाचली. पुण्याच्या आजोबांचं अक्षर थरथरतं, पण स्वच्छ होतं. "जिथे तिचे डोळे मिटतील तिथेच तिला ठेवा. जमीन सगळी देवाचीच आहे. हैदरभाईंचा कोपरा घ्या, भोवती दगड लावा. लांब नेऊ नका. वाटेत शब्बाथ लागला तर उन्हात तिची विटंबना होईल. ती करायची परवानगी आपल्याला नाही." खाली भुसावळच्या गार्डांनी लिहिलं होतं, "या एका बाबतीत माझं आजोबांशी भांडण नाही."

सुतक पाळून वाक्रुळकर पुण्याहून परतले. मी शिवण पुन्हा घालून पाकीट त्यांच्या हातात दिलं. म्हणालो, आत्ताच आलं. त्यांनी ते उलटून पाहिलं. माझाच शिक्का, माझ्याच हातानं मारलेला, तारीख ठसठशीत. म्हातारी जाण्याच्या सोळा दिवस आधीची. त्यांनी तारखेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाकीट घेऊन निघून गेले.

आता हा माणूस तक्रार करणार. टपाल अडवणं, उघडणं, खोटं बोलणं. टपालाचं काम जाईलच, शाळेतलीही नोकरी जाईल. मला घास गोड लागेना. आणि दुसऱ्याच दिवशी वाक्रुळकर ओसरीत हजर! बाकावर बसले, थोड्या वेळानं उठून गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एक कार्ड विकत घेतलं, लिहिलं मात्र नाही. शनिवारी आले तेव्हा कार्डही घेतलं नाही, नुसतेच बसले. आमच्या घरी घट बसलेले, माळा चढत होत्या, आणि रोज संध्याकाळी हा माणूस माझ्या ओसरीत. मी खात्रीनं समजलो की हा पुरावा गोळा करतोय. टपाल कसं फोडतो, कुठं ठेवतो, बघून ठेवतोय. मी ट्रंकेला कुलूप लावलं.

आठव्या दिवशी दसरा होता. गाव सोनं वाटत फिरत होतं. वाक्रुळकर पांढरे स्वच्छ कपडे घालून आले. मी त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि माझाच तोल सुटला.

"तक्रार करायची तर करा ना एकदाची! रोज काऊन येऊन बसता माझ्या उरावर?"

ते बाकावर बसले. आवाज चढला नाही.

"तक्रार करायची असती तर बुलढाण्याले गेलो असतो, मास्तर. तुमच्याकडं कायले येऊ? नव्याच्या सणाले आमचं वरीस लागते, त्याच्यापासून दहावा दिवस दारफाळणीचा. दिवसभर उपास, आणि दार लावून देवापाशी मागायचं. पण माणसाशी केलेली चूक देव माफ करत नाही. ती ज्याच्याशी केली त्याच्यापाशी जाऊन मागावं लागते. आणि समोरचा लाजून येत नसला, तर ज्याच्याशी चूक झाली त्यानंच त्याच्या समोर जावं, त्याले सोपं जावं म्हणून. असं आजोबांनी वहीत लिहिलं होतं मागं. म्हणून येऊन राह्यलो. आज संध्याकाळी दार लागते."

मी उभाच होतो. मग खाली बसलो, त्यांच्या पायांशी नाही, बाकावरच, शेजारी. सगळं सांगितलं. शिवण उसवली ते, शब्बाथच्या दिव्याचं जे वाक्य मी इशारा समजलो ते, माणिकराव, ट्रंक. माफ करा म्हणालो. म्हणताना रडू आलं, ते लपवलं नाही.

त्यांनी आपट्याची पानं बोटांत फिरवली. "माझ्या वाट्याचं सोडलं, मास्तर. पण उन्हात दिवसभर पडून राहिली ती आई. तिच्या वाट्याचं मी कसं सोडू? ते माझ्या हातात नाही. वहीत विचारतो."

प्रश्न लिहून त्यांनी वही शिवली आणि माझ्याच पेटीतून पाठवली. तीन महिने ती फिरत होती. पौषात परत आली. माझ्याविषयी सात घरांत काय लिहिलं गेलं, ते त्या पाकिटात होतं, आणि पाकीट माझ्या हातात. मी शिक्का मारला आणि शाळाही न उघडता थेट दवाखान्यात नेऊन दिलं. शिवणीला बोट लावलं नाही. तेवढं एकच काम मी त्या साली सरळ केलं.

त्यांनी माझ्यासमोरच वाचलं. गार्डांचं मत होतं की मास्तर आपल्यातला नाही, त्याला हा कायदा लागू नाही, सोडून द्या. पुण्याच्या आजोबांनी लिहिलं होतं, "मेलेल्या माणसाशी चूक केली असेल तर दहा माणसं घेऊन कबरीवर जावं आणि त्यांच्यादेखत मोठ्यानं कबूल करावं. तो जिभेनं खोटं बोलला, जिभेनंच फेडू दे. दहा माणसं मी उभी करतो."

दहा माणसं! माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? दहा साक्षीदार. आजवर एकानंच धरलं होतं, आता दहा जण कोर्टात उभे राहतील. हा सगळा डावच आहे, असं मी घरी येऊन म्हणालो.

अन्नपूर्णाबाई चुलीपुढून उठल्या. "जाईन नोकरी तं जाऊ द्या. त्या मायले उन्हात पाडून ठेवली तुमी. जा गुमान."

माघात मी पुण्याला गेलो. दफनभूमीत नऊ माणसं थांबली होती, बहुतेक म्हातारी, टोप्या घातलेली, आणि दहावे वाक्रुळकर. मातीचा ढीग अजून पुरता बसला नव्हता. आजोबांनी मला पुढे उभं केलं. मी माझं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, आणि मोठ्यानं म्हणालो की या बाईच्या मातीविषयीचं उत्तर माझ्याजवळ होतं, मी ते दाबून ठेवलं आणि तिच्या मुलाशी खोटं बोललो. एक शब्द गाळला नाही.

आजोबांनी खूण केली. रीत अशी की तिथल्या सगळ्यांनी तीनदा म्हणायचं. "तुला माफ आहे," सगळे म्हणाले. वाक्रुळकर गप्प होते. पुन्हा म्हणाले. ते गप्पच. तिसऱ्यांदा सगळ्यांचं म्हणून झालं, आणि मग वाक्रुळकर कबरीशी वाकले. आमच्या बोलीत नाही, आईच्या बोलीत, आजारी माणसाला समजवावं तसं हळू म्हणाले, "आई, आता सोड याला."